वाड्याच्या जुन्या सागवानी तुळईला तडे आहेत. तिच्यातून मासा कोरता येईल का?

येईल. तडा बुजवत बसू नका, त्यालाच कल्ल्याची किंवा पाठीची रेघ करा. पन्नास-साठ वर्षं छपराखाली राहिलेला साग पुरता सुकलेला असतो, त्यामुळे ओल्या लाकडासारखा तो कोरल्यावर फाटत जात नाही. अंगाची लांबी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच ठेवा. काम फसतं ते शेपटीत आणि परांत: रेषा आडवी पडली आणि जाडी 10 मिमीच्या खाली गेली, की पटाशीच्या एका ठोक्यात टोक उडतं. असा पर वेगळ्या तुकड्यातून काढा, रेषा त्याच्या लांबीकडे धरा आणि 6 मिमीच्या लाकडी खुंटीने बसवा. सागाला स्वतःचं तेल असतं. जोड ॲसिटोनने पुसल्याशिवाय गोंद नीट धरत नाही.

करवत लावण्याआधी चुंबक फिरवा, मोडलेले खिळे आतच राहिलेले असतात. त्यांच्याभोवतीचा काळा डाग खोल मुरलेला असतो (डोळा तिथेच काढा, उत्तम दिसतो). शेवटी 80, 120, 220 नंबरचा पॉलिश पेपर आणि जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

तुळईवर जुना ऑइलपेंट असेल तर मात्र कोरडं घासू नका, त्यात शिसं असू शकतं.