व्हीएम (सर्व्हरमध्ये चालणारा आभासी कॉम्प्युटर) लावली की सर्व्हर बंद पडतो? आधी लॉग बघ

भावा, प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी सिस्टिम) पुन्हा टाकायची घाई करू नको. मागच्या बूटचा लॉग, म्हणजे मशीन बंद पडण्याआधीच्या नोंदी, काढ. शेवटी 'आउट ऑफ मेमरी' दिसलं, तर व्हीएमना रॅम जास्त वाटलीस. १६ जीबीत सगळ्यांना मिळून १२ च्या वर देऊ नको, होस्टलाही (मूळ सर्व्हरलाही) लागते.

लॉग मध्येच तुटला असेल तर हार्डवेअर धर. बायोसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, बंद करून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालव. व्हीएम नसताना रिकामी राहणारी रॅम व्हीएम लावल्यावर वापरात येते, म्हणून रॅमची खराब पट्टी तेव्हाच उघडी पडते. एक जरी एरर आली तरी एकेक पट्टी लावून तपास.

आणि आपल्या परभणीचा मे महिना! पारा ४२ वर, वर पत्रा. प्रोसेसर तापला की मशीन स्वतःच बंद होतं. फॅनची धूळ आजच काढ.