दूरशिक्षणासाठी टीव्ही, लाइव्ह क्लास, रेकॉर्डेड व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅप यात सगळ्यात चांगलं माध्यम कोणतं?

मी साताऱ्यात मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक आहे, बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवतो. तुमची संस्था नोकरी करणाऱ्यांसाठी कोर्स काढतेय आणि पैसा कशावर घालायचा असं तुम्ही विचारलंय. माझं सरळ मत, पैसा चांगल्या छापील पुस्तकावर आणि प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या माणसांवर घाला, स्टुडिओ राहूदे.

१९५६ ला पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढली होती, पाच जिल्ह्यांत, त्यात आपला उत्तर सातारा पण होता. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, तो ऐकून झाला की तिथंच बसून गावकऱ्यांची चर्चा आणि न कळलेलं आकाशवाणीला लिहून पाठवायचं. नंतर तपासलं तर ज्या गावात नुसता रेडिओ होता तिथल्यापेक्षा मंडळवाल्या गावातल्या लोकांना कितीतरी जास्त समजलेलं होतं. कार्यक्रम तर दोन्हीकडं तोच होता ना! मला हे आजही तंतोतंत पटतं.

टीव्हीचं म्हणाल तर केंद्र सरकारचे स्वयंप्रभा हे शिक्षणाचे चॅनेल २०१७ पासून आहेत, दूरदर्शनच्या फ्री डिशवर फुकट दिसतात, तोच भाग दिवसात परत परत लागतो म्हणजे शिफ्टवाल्यालाही बघता येतो, पण मधेच अडलं तर विचारायचं कुणाला? लाइव्ह क्लासमधे विचारता येतं, पण आमची निम्मी पोरं एमआयडीसीत शिफ्टला, पाटणकडं कोयनेच्या खोऱ्यात रेंज जाते-येते, आणि व्हिडिओ कॉल तासाला पाचशे एमबीच्या वर सहज खातो. त्याउलट व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज एक-दीड एमबीत जातो, एसटीत बसून ऐकता येतो, नाही कळलं तर परत ऐकायचा.

पण नुसत्या आवाजाने सगळं होत नाही हं. मागणीचा वक्र, म्हणजे किंमत आणि मागणीचं नातं दाखवणारी आलेखातली रेष, आवाजात सांगून बघा, "किंमत वाढली की मागणी कमी" इथपर्यंत ठीक, पण अख्खा वक्रच कधी सरकतो आणि त्याच वक्रावर आपण वरखाली कधी होतो हे कागदावर काढल्याशिवाय डोक्यात शिरतच नाही. त्यामुळं मी वहीत आकृती काढायला सांगतो, फोटो मागवतो आणि चुकलं तिथं लाल गोल करून त्याच फोटोसोबत दोन वाक्यं बोलून परत पाठवतो. एका ताईंनी किंमतीचा अक्ष उभा घ्यायचा तो आडवा घेतला होता, म्हणून पुढचं सगळंच उलटं येत होतं, लेक्चर कितीही वेळा बघितलं असतं तरी त्यांना ते सापडलं नसतं.

रेकॉर्डेड व्हिडिओ फक्त जिथं हात चालताना दिसायला पाहिजेत तिथंच करा, म्हणजे टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), शिवण, वायरिंग, आणि तोही सात-आठ मिनिटांच्या वर नको. ग्रुपमधे चाळीसच्या वर लोक घेऊ नका, आणि उत्तर देणाऱ्याला त्या कामाचं वेगळं मानधन ठरवून द्या, नाहीतर दोन महिन्यांत ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं.