रिटर्न मालाचा लॉट आणून कोल्हापुरात विकला तर परवडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: जवळ साठ हजार आहेत, भिवंडीतून ऑनलाइन कंपन्यांच्या रिटर्न मालाचा लॉट उचलावा का? आणि "हा धंदा म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच" असं घरचे म्हणतात, ते खरं का? पहिल्याचं उत्तर थोडक्यात देते. लिहायला बसले ती दुसऱ्यासाठी. हेच वाक्य आमच्या घरात मी बरीच वर्षं ऐकते आहे, आणि तेही ज्यांनी फसवलं त्यांच्याच तोंडून.

परवडतं, पण हातात दुरुस्ती असेल तरच. दलाल सांगतो, "छापील किमतीच्या वीस टक्क्यांत माल." मिक्सरच्या खोक्यावर 5,999 छापलेलं असतं आणि तोच मिक्सर नवाकोरा ऑनलाइन 2,499 ला मिळत असतो. छापील किमतीचे वीस टक्के म्हणजे 1,200. म्हणजे तुम्ही खऱ्या भावाच्या जवळजवळ निम्मे मोजले. त्यावर 18 टक्के जीएसटी. तुमची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही, म्हणजे झाले 1,416. दहातले तीन बंद निघाले की चालू नग 2,000 च्या वर गेला. टेम्पोभाडं आणि वाराई, म्हणजे माल चढवा-उतरवायची मजुरी, अजून धरलेलीच नाही. खोकं चेपलेला, कंपनीची वॉरंटी नसलेला मिक्सर लक्ष्मीपुरीत 2,000 ला कोण घेणार? त्या तीन बंद नगांत जीव घालता आला तरच चार पैसे सुटतात.

माझे वडील उद्यमनगरात मोटर वाइंडिंग करायचे. शाळेतून आले की मी त्यांच्या शेजारी बसून तार गुंडाळायची, त्यामुळे बंद यंत्राची मला भीती नाही. आणि खरं सांगते, बंद म्हणून परत आलेले कितीतरी मिक्सर बंद नसतातच. बुडाशी एक लहान लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. भांडं गच्च भरून खोबरं-लसूण फिरवलं की मोटर जळू नये म्हणून ते सुटतं. जरा गार होऊ देऊन दाबलं की मिक्सर सुरू. लोकांना हे ठाऊक नसतं, ते थेट परत पाठवतात. इंडक्शन शेगडीचंही तेच. वर ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवतात, शेगडी नुसती टीं टीं करते, की "खराब आहे" म्हणून परत. उलट खोकं उघडताच जळक्या वार्निशचा वास आला तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, गेलंय समजा. तो नग सुट्या भागांसाठी बाजूला ठेवायचा. बुडाच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या दिसल्या तर कुणीतरी आधी उघडलंय. नव्या खोक्यात आपला जुना मिक्सर घालून परत करणारेही असतात.

आता फसवणुकीचं. पहिला मोठा लॉट मी आणि माझ्या धाकट्या दिरांनी भागीत घेतला. मिक्सर, इस्त्र्या, किटल्या असा मिसळ माल होता. सोप्यात सगळा पसरला, रात्री जेवण झालं की मी तपासायला बसायची. माझं म्हणणं एवढंच होतं, की प्रत्येक खोक्यावर मार्करनं लिहायचं: रिटर्न माल, दुरुस्त केलेला, अमुक बदललं. कुठं कप्लर, कुठं कार्बन ब्रश, कुठं काहीच नाही. भाऊजींना ते पटेना. त्यांनी चिकटपट्टीचं मोठं रीळ आणलं आणि खोकी नव्यासारखी सीलबंद करायला सुरुवात केली. "लिहिलंस तर दोनशे-तीनशे कमी मिळतात, आणि विचारतंय कोण?" शेवटी सासूबाईंनी लॉट निम्मा-निम्मा वाटून दिला.

त्यांचा माल दिवाळीच्या आधी खपला, न तपासलेल्या नगांसकट. माझा पडून राहिला, ते मी बरंच ऐकून घेतलं. मग एक बाई इस्त्री घेऊन आल्या. रंकाळ्याकडं राहतात, घरी ब्लाउज शिवून देतात. इस्त्रीला हात लागला की झिणझिण्या येतात म्हणाल्या. आधी भाऊजींच्या दुकानात गेल्या होत्या, तिथं "बिल दाखवा" म्हणून वाटेला लावलं. बिल भाऊजींनीच दिलेलं नव्हतं. मी उघडून बघितलं. फेजच्या तारेचं वेष्टण आतल्या कडेला घासून उघडं पडलेलं, आणि अर्थची तार टर्मिनलमधून निसटलेली. मेगर, म्हणजे वीज अंगावर उतरते का ते तपासायचं यंत्र, लावला तर काटा शून्यावर, म्हणजे वीज थेट इस्त्रीच्या अंगावर. फरशी ओली असती तर त्या बाईंचं काय झालं असतं, हा विचार आजही माझा पाठलाग सोडत नाही. वायर बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. पुढं त्यांच्या गल्लीतल्या बायका माझी मार्करनं लिहिलेली खोकी घेऊन गेल्या.

भाऊजींनी नंतर हा धंदा सोडला आणि आता लग्नाकार्यात सगळ्यांना सांगतात, की रिटर्न माल विकणं म्हणजे फसवणूकच, म्हणून आपण सोडलं. फसवणूक त्या चिकटपट्टीत होती. जे आहे ते लिहून, तपासून, बिल देऊन विकलं तर गिऱ्हाईक कमी पैशात चांगली वस्तू नेतं आणि ती वस्तू भंगारातही जात नाही. हे तुमच्या घरच्यांना माझ्या वतीनं सांगा.

तर तुम्ही काय घ्यावं? कपड्यांचा लॉट घेऊ नका, काहीही झालं तरी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी व्यापाऱ्यांनी उभं केलेलं गांधीनगर आपल्या उशाशी आहे. तिथं घाऊक भावात नवं कापड मिळत असताना डाग पडलेला कुर्ता कोण घेईल? मोबाइलच्या वाटेलाही जाऊ नका. घेतलाच तर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा ओळख नंबर, तपासल्याशिवाय नाही. केवायएम लिहून पुढं तो नंबर घालून 14422 ला मेसेज करा, ब्लॉक केलेला असेल तर कळतं. इस्त्री आणि पाण्याच्या रॉडला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो नसेल तर फुकट मिळाला तरी नको. यादीत "अनटेस्टेड" असं लिहिलेलं असेल तर सगळं बंद आहे असं धरूनच भाव करा.

हे आधीच सांगायला हवं होतं: तुम्हाला दुरुस्ती येत नसेल तर साठ हजारांतले निम्मे तसेच ठेवा आणि आधी एखादा मिस्त्री भागीत घ्या, पगारावर नको. पगारी माणूस अवघड नग बाजूला सारतो. जुना माल असेल आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) घेतलं नसेल तर जीएसटी फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर भरायची सोय आहे, ते सीएला विचारून घ्या. राज्यातल्या राज्यात 1 लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं, तुमच्या लॉटला बहुतेक लागणार नाही. पण खरेदीचं पक्कं बिल मात्र हवंच. बिल नाही म्हणणाऱ्याकडून एक खोकंही उचलू नका, गोदामातून पळवलेला मालसुद्धा "रिटर्न" म्हणूनच विकला जातो.