पोर्टचा वेग वेगळा, लाइनचा वेग वेगळा

जुनी युनिक्स वर्कस्टेशन्स चालवणारे थोडेच उरले असतील, पण त्यांची पत्रे थांबत नाहीत. कुणाच्या दूरच्या केंद्रावरच्या उपकरणाची नोंद अजून फोनलाइनवरून येते, तर कुणी हौसेने अडगळीतले यंत्र उभे केले आहे. मोडेम जोडला की सगळ्यांना पडणारा प्रश्न एकच: वेग किती ठेवू? त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करण्याआधी यंत्राची आणि मोडेमची पुस्तिका उघडून ताडून घ्या. दोन्ही पुस्तिका, एक नव्हे.

प्रश्न : माझा मोडेम २८,८०० चा आहे. एसटीटीवाय या पोर्टची मांडणी ठरवणाऱ्या आज्ञेच्या यादीत हा वेगच नाही, १९,२०० नंतर एकदम ३८,४०० येतो. जवळचा म्हणून १९,२०० ठेवला आहे. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. ३८,४०० ठेवा.

यादीत तो वेग का नाही, ते आधी सांगतो. जुन्या युनिक्समध्ये वेग नोंदवायला चार बिटांची जागा होती. चार बिटांत सोळा किमती मावतात. शून्य, ५०, ७५, ११०, १३४.५ असे टेलिप्रिंटरच्या जमान्यातले वेग घेत घेत ३८,४०० पर्यंत पोचेस्तोवर सोळाही घरे भरली. १४,४०० आणि २८,८०० चे मोडेम आले तेव्हा घर रिकामे नव्हते, आणि त्याने काही बिघडलेही नाही, कारण ते वेग पोर्टचे, म्हणजे यंत्राला मोडेम जोडतो त्या जागेचे, नाहीतच.

२८,८०० हा तुमचा मोडेम आणि पलीकडचा मोडेम यांच्यातला, म्हणजे फोनलाइनवरचा वेग. एसटीटीवायमध्ये तुम्ही ठरवता तो यंत्र आणि मोडेम यांच्यातल्या केबलवरचा वेग. केबलवर प्रत्येक बाइटमागे एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा बिट जातो, म्हणजे आठाचे दहा होतात. व्ही.४२ या मोडेमच्या मानकातली त्रुटिदुरुस्ती चालू असेल तर मोडेम हे जादा बिट लाइनवर पाठवतच नाहीत. हिशेब करा: २८,८०० च्या लाइनवरून सेकंदाला जास्तीत जास्त ३,६०० बाइट जाऊ शकतात, आणि १९,२०० च्या पोर्टमधून १,९२०. जवळजवळ निम्मा वेग तुम्हीच अडवून ठेवला आहे. पोर्ट २८,८०० वर नेता आला असता तरी २,८८० बाइटच निघाले असते. वर व्ही.४२बिसचे आकुंचन (कॉम्प्रेशन) आहेच. साध्या मजकुराची फाइल त्याने बरीच लहान होते. म्हणून पोर्ट नेहमी लाइनपेक्षा वरच्या वेगावर ठेवायचा आणि तिथेच पक्का करायचा. त्यासाठी दोन्ही बाजूंना हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू लागतो. तो नसेल तर आधी खालचे लांबलचक उत्तर वाचा.

प्रश्न : बॉड आणि बिट प्रति सेकंद एकच का?

उत्तर : नाही, बॉड म्हणजे लाइनवरचा सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो ते, आणि एका बदलात अनेक बिट जाऊ शकतात; २,४०० बिटांचा व्ही.२२बिस मोडेम लाइनवर ६०० बॉडनेच बोलतो.

प्रश्न : फोन लागल्यावर मोडेम 'कनेक्ट ११५२००' असे दाखवतो. खरेच एवढा वेग मिळतो का?

उत्तर : तो तुमच्याच पोर्टचा वेग तुम्हाला परत ऐकवतो आहे. रॉकवेलच्या चिपवर चालणाऱ्या मोडेममध्ये एटीडब्ल्यू२ दिले की लाइनचा आकडा दिसतो. इतर मोडेमची आज्ञा वेगळी असते, त्यांची पुस्तिका पाहा.

प्रश्न : पोर्ट ३८,४०० वर आहे. लॉगिन नीट होते, छोटी पत्रे जातात. मोठी फाइल मात्र अर्ध्यात अडकते किंवा खराब येते. एका जाणकार मित्राने वेग ९,६०० करायला सांगितले. दुसरा म्हणतो एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे तारेऐवजी बाइट पाठवून थांबवण्याची पद्धत, लावा. कुणाचे ऐकू?

उत्तर : दोघांचेही नको. हा सल्ला तोंडातोंडी फिरत असतो, आणि ९,६०० वर आणले की दुखणे काही काळ दिसेनासे होते, म्हणून तो खराही वाटतो.

घडते काय ते पाहा. पोर्ट ३८,४०० ने मोडेमला बाइट देतो, आणि लाइन त्याहून हळू आहे. लाइनवर खरखर झाली की मोडेम जुना तुकडा पुन्हा पाठवत बसतो, तेवढा वेळ पुढे काहीच सरकत नाही. मोडेमच्या पोटातली साठवण भरते. आता त्याला यंत्राला 'थांब' म्हणता यायला हवे. ते तो सीटीएस नावाच्या तारेवरून म्हणतो. यंत्राला मोडेमला थांबवायचे असेल तर ते आरटीएसच्या तारेवरून. यालाच हार्डवेअर फ्लो कंट्रोल म्हणतात. तो नसला की मोडेम थांब म्हणतो, यंत्र ऐकत नाही आणि मधले बाइट नाहीसे होतात. त्रुटिदुरुस्ती इथे वाचवत नाही, कारण ती दोन मोडेमच्या मधली. बाइट हरवले ते त्याच्या अलीकडे, केबलवर. छोट्या पत्रात साठवण भरतच नाही, म्हणून ते सुखरूप जाते.

हे तीन ठिकाणी जुळावे लागते आणि लोक एकच ठिकाण पाहून थांबतात.

पहिले ठिकाण मोडेम. रॉकवेलच्या घराण्यात &के३, यूएस रोबोटिक्समध्ये &एच१ आणि &आर२, शिवाय वेग पक्का करायला &बी१. मग &डब्ल्यूने साठवून ठेवा, नाहीतर वीज गेली की सगळे पुसले जाईल. एका मोडेमची ओळ उचलून दुसऱ्याला देऊ नका. एकच अक्षर दोन कंपन्यांत दोन वेगळी कामे करते.

दुसरे ठिकाण यंत्र. एसटीटीवायमध्ये सीआरटीएससीटीएस लावला की झाले, असे समजणाऱ्यांची पत्रे मला सर्वांत जास्त येतात. सोलारिस या सनच्या युनिक्समध्ये या शब्दाने फक्त बाहेर जाणारा प्रवाह आवरला जातो. आत येणाऱ्यासाठी सीआरटीएसएक्सऑफ वेगळा लावावा लागतो. आयरिक्स या एसजीआयच्या युनिक्समध्ये तर पोर्टचे नावच वेगळे घ्यायचे: टीटीवायडी साधा, टीटीवायएम मोडेमसाठी, आणि टीटीवायएफ मोडेम अधिक हार्डवेअर फ्लो कंट्रोल. टीटीवायडी उघडून त्यावर कितीही आज्ञा दिल्या तरी उपयोग नाही. तुमच्या युनिक्सच्या, तुमच्याच आवृत्तीच्या मॅन पानावर (यंत्रातल्या पुस्तिकेत) काय लिहिले आहे ते वाचा. शेजारच्या यंत्राचे पान चालणार नाही.

तिसरे ठिकाण केबल, आणि इथे विक्रेत्यांची चलाखी चालते. 'मोडेम केबल' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त केबलींत तीनच तारा असतात: पाठवणे, घेणे आणि जमीन. बाहेरून पंचवीसही पिना दिसतात, आत तारा तीन. आरटीएस-सीटीएसच नाही तर थांब म्हणणार कशावरून? मल्टिमीटर लावून पाहा. पंचवीस पिनांच्या जोडणीत ४ आणि ५ या आरटीएस आणि सीटीएस. नऊ पिनांच्या जोडणीत त्याच ७ आणि ८. पंचवीसमध्ये ८ नंबरवर कॅरियर डिटेक्ट असतो, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सिग्नल (कॅरियर) येतो आहे का ते सांगणारी तार. हाताने केबल जोडणारे इथेच फसतात. खात्री नसेल तर सोल्डरगन हातात घेण्यापूर्वी जाणकाराला आकृती दाखवा.

एक्सऑन-एक्सऑफबद्दल थोडक्यात. त्यात 'थांब' आणि 'चालू दे' हे दोन बाइटच असतात, १९ आणि १७. टर्मिनलवर वाचणाऱ्या माणसाला ते ठीक आहे. पण आकुंचित फाइलमध्ये हेच बाइट डेटा म्हणूनही येतात. मग प्रवाह भलत्याच जागी थांबतो किंवा ते बाइट गिळले जातात. यूयूसीपी या युनिक्स यंत्रांत फाइली पाठवण्याच्या जुन्या सोयीच्या नेहमीच्या जी प्रोटोकॉलला आठही बिट स्वच्छ लागतात, त्याचे याच्याशी जमत नाही. पीपीपीला (फोनलाइनवरून नेटवर्क जोडणाऱ्या प्रोटोकॉलला) असिंकमॅप ए०००० देऊन हे दोन बाइट झाकून पाठवता येतात. तो नाइलाजाचा उपाय, पहिला नव्हे.

सन कंपनीच्या यंत्रात कन्सोलवर काय संदेश येतो तेही पाहा. 'रिंग बफर ओव्हरफ्लो' असेल तर वर सांगितले तेच दुखणे. 'सायलो ओव्हरफ्लो' असेल तर गोष्ट निराळी: चिपमधून बाइट उचलायला प्रोसेसरलाच उशीर होतो आहे, आणि तिथे वेग उतरवणे किंवा यंत्रावरचा भार कमी करणे हाच इलाज. म्हणजे मित्राचा सल्ला कधीतरी लागू पडेल, पण लॉग न वाचता नव्हे. लॉगमधल्या ओळी उतरवून सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरला दाखवा आणि मगच हात लावा.

प्रश्न : वेगांच्या यादीत शून्य कशाला?

उत्तर : फोन ठेवायला, वेग शून्य केला की डीटीआर, म्हणजे यंत्र तयार असल्याचे मोडेमला सांगणारी तार, खाली जातो आणि मोडेम लाइन सोडतो.

प्रश्न : सनच्या जुन्या स्पार्कस्टेशनवर ५७,६०० करता येईल का? एकाने कर्नल बदलून होईल असे सांगितले.

उत्तर : मूळ पोर्टवर नाही, कर्नल कुठलाही घाला. तिथे झायलॉगची ८५३० चिप आहे आणि तिचे घड्याळ ४.९१५२ मेगाहर्ट्झचे. नेहमीच्या पद्धतीने वेग निघतो तो १,५३,६०० ला दोन किंवा त्याहून मोठ्या पूर्णांकाने भागून: ७६,८००, मग ५१,२००, मग ३८,४००. ५७,६०० मध्ये कुठे बसतच नाही. ५१,२०० जवळचा वाटेल, पण एवढी तफावत असिंक्रोनस पोर्ट सोसत नाही, कचराच दिसेल. ७६,८०० ओळखणारा मोडेम मिळणे अवघड, आणि जुन्या सनओएसमध्ये तो वेग मागायची सोयही नाही. शिवाय या चिपला येणारे तीनच बाइट धरून ठेवता येतात. ३८,४०० वर समाधान माना. याहून जास्त खरेच हवे असेल तर वेगळे सिरियल कार्ड लागेल. त्याचा ड्रायव्हर तुमच्या आवृत्तीला चालतो का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा.

प्रश्न : लिनक्सच्या यंत्रावर प्रोग्राम ३८,४०० दाखवतो, पण पोर्ट ११५,२०० वर चालतो असे सहकारी म्हणतात. हे कसे?

उत्तर : सेटसिरियल या पोर्टच्या मांडणीच्या आज्ञेत कुणीतरी एसपीडी-व्हीएचआय लावून ठेवले आहे. जुन्या प्रोग्रामना ३८,४०० च्या पुढचे मागता येत नसे, म्हणून त्यांनी ३८,४०० मागितले की ड्रायव्हरने गुपचूप ११५,२०० द्यायचे अशी ती युक्ती. एसपीडी-एचआय असेल तर ५७,६००. आजचे प्रोग्राम हे वेग सरळ मागू शकतात, तेव्हा ती युक्ती काढून टाका. पुढे येणाऱ्या माणसाचा दिवस वाचेल. चिप १६५५०ए आहे ना, तेही तपासा. तिच्यात सोळा बाइट थांबू शकतात. ८२५० किंवा १६४५० मध्ये एकच, आणि ११५,२०० वर दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो.

प्रश्न : एसटीटीवायने वेग ठरवला, पण पुन्हा पाहिला तर जुनाच.

उत्तर : अनेक युनिक्समध्ये शेवटच्या प्रोग्रामने पोर्ट सोडला की मांडणी मूळपदावर जाते, वेग त्या प्रोग्रामच्या किंवा गेटीच्या (पोर्टवर लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये लिहा.

प्रश्न : बाहेरून फोन करणाऱ्याला लॉगिनऐवजी कचरा दिसतो. चार-पाचदा ब्रेक दाबला की कधी जमते, कधी नाही.

उत्तर : मोडेम पोर्टचा वेग कसा ओळखतो? शेवटच्या 'एटी' या दोन अक्षरांवरून. तुमच्यापैकी कुणी दुपारी टिप हा फोन लावणारा प्रोग्राम वापरून १९,२०० ने बाहेर फोन केला असेल, तर संध्याकाळी आलेल्या फोनलाही मोडेम १९,२०० नेच बोलतो, आणि गेटी बसलेली असते ३८,४०० वर. ब्रेक दाबल्यावर गेटी यादीतला पुढचा वेग धरते. ती सोय जोडणीप्रमाणे पोर्टचा वेग बदलणाऱ्या जुन्या मोडेमसाठी होती. आता गेटीडेफ्स, गेटीटॅब, टीटीवायडेफ्स यांपैकी तुमच्याकडे जी फाइल असेल तिच्यात एकच वेग ठेवा, 'पुढचा' म्हणून त्याच नोंदीचे नाव द्या, आणि बाहेर जाणाऱ्या प्रोग्रामनाही तोच वेग द्या. सोलारिसमध्ये हे पोर्ट मॉनिटरमार्फत करायचे असते. तिथे नवखे असाल तर ॲडमिनिस्ट्रेटरला शेजारी बसवा, चुकलात तर कन्सोलच हातचा जाईल.

प्रश्न : ५६,००० चा मोडेम घेतला. आमच्याच दोन यंत्रांत फोन जोडला तर ३३,६०० च्या वर जात नाही. विक्रेता म्हणतो, पैसे भरून 'वेगवर्धक' फर्मवेअर टाकून घ्या.

उत्तर : पैसे भरू नका. १९९८ च्या व्ही.९० या मानकात ५६,००० हा वेग एकाच दिशेचा आहे, आणि तोही पलीकडची बाजू थेट डिजिटल एक्स्चेंजला जोडलेली असेल तरच. एक्स्चेंजमधून आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने जातात, प्रत्येकाचे सात बिट वापरता आले तर ५६,०००. घरगुती लाइनवरचे दोन मोडेम एकमेकांशी बोलतात तेव्हा सिग्नल दोनदा बदलतो आणि व्ही.९० लागूच होत नाही. ३३,६०० ही त्या जोडणीची कमाल आहे, आणि ती मिळते म्हणजे तुमची लाइन उत्तम आहे. कुठलेही फर्मवेअर हे बदलू शकत नाही. खोक्यावर ११५,२०० छापलेले असेल तर तो पोर्टचा आकडा, हे एव्हाना कळले असेल. आणि मोडेम फक्त विंडोजच्या ड्रायव्हरवर चालणारा, कंट्रोलर नसलेला निघाला तर परत करा.

प्रश्न : फोन मध्येच तुटला तर पुढच्या फोन करणाऱ्याला आधीच्याचे सत्र तसेच उघडे मिळते. काही महिन्यांपासून असे होते, वेगाच्या मांडणीशी याचा संबंध असेल का?

उत्तर : काही महिन्यांपासून? हे वाचून होताच फोनची तार काढा, बाकीचे नंतर. एखाद्याने रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून लॉगिन केलेले असताना लाइन तुटली, तर पुढच्या अनोळखी माणसाच्या हाती सगळे यंत्र आहे.

वेगाशी संबंध नाही. यंत्राला कॅरियर गेल्याचे कळत नाही. मोडेमला &सी१ आणि &डी२ द्या, म्हणजे तो खरा कॅरियर दाखवेल आणि डीटीआर पडला की फोन ठेवेल. केबलमध्ये या दोन्ही तारा आहेत का ते पाहा. मग यंत्र: सनवर ईप्रॉममधले (यंत्राच्या कायम साठवणीतले) टीटीवायए-इग्नोर-सीडी बहुधा 'ट्रू' असते, ते 'फॉल्स' हवे, इतरत्र पोर्टवर सीलोकल (कॅरियरकडे दुर्लक्ष कर म्हणणारा पर्याय) लागलेला नको. ईप्रॉमला हात लावायचा तो यंत्राच्या जबाबदार ॲडमिनिस्ट्रेटरनेच, आधीच्या किमती कागदावर उतरवून. तोवर पासवर्ड बदला आणि मधल्या काळात कोण कधी आत आले ते 'लास्ट' या आज्ञेने पाहून घ्या.

तार पुन्हा जोडाल तेव्हा साध्या खात्याने लॉगिन करा, मध्येच समोरच्या मोडेमची तार उपसा आणि परत फोन लावा. लॉगिनची विचारणा आली तर ठीक. शेलची खूण दिसली तर तार पुन्हा काढा, आणि या वेळी मला पत्र लिहीत बसू नका, यंत्राची देखभाल करणाऱ्याला बोलवा.