‘बिद्वो’ पियानोवर दणक्यात, मग ऑर्केस्ट्रात हळू का सुरू होतं?

कारण ही बैलगाडीवरची पियानोरचना ऑर्केस्ट्रासाठी बसवणाऱ्या फ्रेंच संगीतकार रावेलसमोर मूळ हस्तलिखित नव्हतं. रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीने 1874 मध्ये ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ ही पियानोमालिका लिहिताना त्यातल्या ‘बिद्वो’त बैलगाडी पहिल्याच स्वरापासून ‘फॉर्टिसिमो’त (खूप मोठ्या आवाजात) आणली, म्हणजे गाडी थेट अंगावरच येते. 1886 च्या छापील आवृत्तीत संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने सुरुवात हळू करून आवाज चढवत नेला. रावेलने 1922 मध्ये तीच प्रत वापरली, म्हणून त्याची गाडी लांबून येते. मला मूळचाच धक्का जास्त भावतो.

रावेलच्या ‘बिद्वो’तला ट्यूबाचा (खर्जातलं मोठं पितळी वाद्य) सोलो फार उंच पट्टीत आहे. मोठ्या ट्यूबावर वरचे स्वर निसटतात, म्हणून बरेच वादक युफोनियम (ट्यूबाचंच छोटं भावंड) घेतात. आणि हो, रावेलने मालिकेतल्या ‘लिमोज’ या भागाआधीचं ‘प्रोमेनाड’ (चित्रांमध्ये पुन्हा पुन्हा येणारी चालण्याची धून) गाळलंय. पियानोची प्रत समोर ठेवून ऐकताना तिथे चुकायला होतं.