उत्तर: बीबीएसचं जाळं उभारताय? आधी फाइल सोडणार कोण ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुणे, नाशिक, मडगाव आणि एक जण एडिनबराला, असे पाच-सहा मित्र मिळून हौसेने बीबीएसचं (म्हणजे बुलेटिन बोर्डांचं: दुरून जोडून जिथे पत्रं आणि फायली देता-घेता येतात अशा संगणकांचं) जाळं उभारताय. त्यावरून मुक्त सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, जुन्या मशीनवर चालणारं लिनक्स असं सगळं एकमेकांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायचंय. बोर्ड चालवायला मिस्टिक घ्यावं की सिंक्रोनेट, नियम किती असावेत आणि खर्च कोणी उचलावा, असं विचारलंय.

पहिला प्रश्न आधी निकाली काढतो. सिंक्रोनेट घ्या. मिस्टिक झकास आहे, बसवायलाही सोपं, पण त्याचा सोर्स बंद आहे. मुक्त सॉफ्टवेअर वाटायला निघायचं आणि वाटणारंच बंद सोर्सचं, हे बरं दिसत नाही. बाकी कुठलंही घेतलंत तरी बिंकपी (बोर्डांनी इंटरनेटवरून एकमेकांना पत्रं-फायली पोचवायची भाषा) बोलता आलं की झालं. एक जण सिंक्रोनेटवर आणि दुसरा एनिग्मा या तिसऱ्याच प्रोग्रामवर असला तरी काही बिघडत नाही.

आता ज्यावर वेळ घालवायला हवा ते. अशी जाळी मोडेम बिघडल्याने किंवा पैसे संपल्याने बंद पडलेली मी फारशी पाहिली नाहीत. ती सडतात ती फायलींच्या ढिगाऱ्यात. ही प्रत कुठून आली, कोणी सोडली, मूळ लेखकाने दिली तशीच आहे का, या तीन गोष्टी कोणालाच सांगता येत नाहीत आणि मग शहाणा माणूस तिथून काही उतरवून घेणं बंद करतो. तुमच्या प्रश्नात हार्डवेअरची यादी लांबलचक आहे, पण हॅच कोण करणार याबद्दल एक ओळही नाही. (नवीन लोकांसाठी: जाळ्यात पहिल्यांदा फाइल सोडणे म्हणजे हॅच करणे.)

हे कोडं फिडोनेटवाल्यांनी (हौशी बीबीएसच्या जुन्या, जगभर पसरलेल्या जाळ्याने) फार पूर्वी सोडवलं होतं. टॉम जेनिंग्जने १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या बोर्डावरून बाल्टिमोरच्या जॉन मॅडिलच्या बोर्डाला आपोआप फोन लावून पत्रं पोचवायला सुरुवात केली, तेव्हा नोड, म्हणजे जाळ्यातले बोर्ड, दोनच होते. दहा वर्षांत हजारो झाले. पत्रं आणि चर्चा यांच्यामागोमाग फायलीही आपोआप फिरायला लागल्या. बॅरी गेलरच्या टिक या प्रोग्रामने प्रत्येक फाइलीसोबत एक छोटी मजकूर फाइल पाठवायची पद्धत पाडली. तिचं एक्स्टेन्शन टीआयसी. आजही सगळी जाळी तीच वापरतात, तुमचंही वापरेल. ती एकदा उघडून नीट वाचा. 'एरिया'मध्ये विभागाचं नाव, 'फाइल'मध्ये फाइलीचं, 'डेस्क'मध्ये एका ओळीत वर्णन, 'ओरिजिन'मध्ये जिथून पहिल्यांदा सुटली त्या नोडचा पत्ता, 'फ्रॉम'मध्ये तुमच्या हातात कोणी दिली त्याचा. 'पाथ'च्या ओळी प्रत्येक टप्प्यावर वाढत जातात, वेळेसकट. 'सीनबाय'मध्ये कोणाकोणाकडे पोचली आहे ते असतं, म्हणजे तीच फाइल गोल गोल फिरत नाही. 'सीआरसी'वरून वाटेत मोडतोड झाली का ते कळतं आणि 'पीडब्ल्यू'मध्ये दोन नोडांमधला परवलीचा शब्द असतो. पंधरा-वीस ओळींत फाइलीचं सगळं गोत्र. नवे सिसॉप (बोर्ड चालवणारे) फाइल टॉस झाली, म्हणजे आपल्या विभागात जाऊन पडली, की टीआयसी पुसून टाकतात. तुम्ही पुसू नका. एका फोल्डरात ठेवत जा, वर्षभराच्या टीआयसी मिळून एका फोटोएवढीही जागा खात नाहीत.

मात्र सीआरसीवर विसंबून राहू नका. ३२ बिटांचा तो आकडा फोनच्या लायनीतली खरखर पकडण्यासाठी आहे. मुद्दाम फेरफार करणारा माणूस तोच आकडा पुन्हा जुळवून आणू शकतो. म्हणून हॅच करणाऱ्याने प्रत्येक फाइलीच्या शा-२५६ ची (सहजी नक्कल न होणाऱ्या ठशाची) यादी करून त्यावर आपली डिजिटल सही करावी. सहीसाठी मिनीसाइन हा प्रोग्राम पुरेसा आहे, जीपीजीची सवय असेल तर ते. सहीची सार्वजनिक किल्ली (जिने ती तपासता येते) प्रत्येक बोर्डाच्या पहिल्या पानावर असू द्या.

याला अति म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १९९५ च्या सुमारास 'पीकेझेड३००बी' नावाची फाइल बोर्डांवर फिरायला लागली. नाव बघून वाटावं की पीकेझिपची (फायली दाबून बांधणाऱ्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती आली. प्रत्यक्षात तो ट्रोजन होता, चालवला की डिस्क साफ. पीकेझिप काढणाऱ्या पीकेवेअर कंपनीने अशी आवृत्ती काढलेलीच नव्हती. ती उतरवून घेणारे सगळे काही नवखे नव्हते. नाव ओळखीचं, बोर्ड ओळखीचा, म्हणून विश्वास टाकला. बोर्डावर ती कोणी चढवली हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. एसडीएनसारखी शेअरवेअर (आधी वापरा, आवडलं तर पैसे द्या) वाटणारी जाळी म्हणूनच लेखकाकडून थेट आलेल्या प्रतीचा आग्रह धरत.

याच ओघात पुन्हा पॅक करण्याची खोड. १९८८ साली एसईए (सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स) या कंपनीने पुढे पीकेझिप लिहिणाऱ्या फिल कॅट्झवर खटला भरला. तिचा 'आर्क' हा फाइली दाबून बांधायचा प्रोग्राम तेव्हा सगळीकडे चाले आणि कॅट्झचा 'पीकेआर्क' तेच काम कितीतरी वेगाने करी. प्रकरण काही महिन्यांतच मिटलं, पण सिसॉप मंडळी कॅट्झच्या बाजूने उभी राहिली. गंमत म्हणजे एसईएचा थॉम हेंडरसन हा फिडोनेटमधलाच जुना कार्यकर्ता, आणि कॅट्झच्या कोडात एसईएचं कोड उचललेलं होतं हेही पुढे आलं होतं. तरी लोकांनी 'धाकटा विरुद्ध कंपनी' एवढंच पाहिलं. १९८९ मध्ये कॅट्झने झिप आणलं, त्याची रचना सगळ्यांसाठी खुली केली आणि बघता बघता बोर्डांवरच्या आर्क फायली झिप होऊ लागल्या. यात सिसॉपांनी आपला हात धुऊन घेतला. पुन्हा पॅक करतानाच आपल्या बोर्डाची जाहिरात आत कोंबायची. तीच फाइल चार बोर्डांवरून घेतली तर चार वेगवेगळ्या आकारांची निघायची, लेखकाने घातलेली सीलबंदीही गेलेली. मला विचाराल तर त्या काळाचं सर्वांत मोठं नुकसान हेच. जुने संग्रह चाळणाऱ्यांना आजही मूळ प्रत कुठली ते ठरवता येत नाही. तेव्हा नियम करायचाच असेल तर हा करा: आलेली फाइल उघडून पुन्हा बांधायची नाही. वर्णन सुधारायचं असेल तर टीआयसीत सुधारा.

आता परवाने. 'नेटवर फुकट मिळालं' म्हणजे वाटायची परवानगी मिळाली असं नाही. जीपीएल या मुक्त परवान्याखालचा प्रोग्राम नुसता चालवायच्या रूपात दिलात तर त्याचा सोर्सही देणं लागता. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याच विभागात शेजारी सोर्सची फाइल ठेवणं. 'मूळ साइटवर मिळेल' असं म्हणून हात झटकू नका, ती साइट उद्या नसेल. फॉन्टचं तर जास्तच जपा. ओपन फॉन्ट लायसन्सखालचे मराठी फॉन्ट खुशाल वाटा, परवान्याची फाइल सोबत ठेवा आणि फॉन्टमध्ये काही बदल केलात तर नाव राखीव आहे का ते बघून गरज पडल्यास बदला. पण डीटीपीच्या जमान्यातले व्यावसायिक फॉन्ट 'आता कोण विचारतंय' म्हणून कोणीतरी चढवणारच. ते त्याच दिवशी काढा.

कारण एकाच्या बोर्डावरचा माल सगळ्यांच्या अंगाशी येतो. मे १९९४ मध्ये इटलीत चोरीच्या सॉफ्टवेअरच्या तपासात पोलिसांनी एकामागून एक बीबीएसवर छापे घातले. त्यात चोरीच्या मालाशी काही संबंध नसलेले फिडोनेटचे हौशी सिसॉपही भरडले गेले. कॉम्प्युटर, मोडेम, फ्लॉप्या जप्त झाल्या, कुठे कुठे तर खोलीलाच सील लागलं. आपल्याकडे वेगळी तऱ्हा. नव्वदीत दूरसंचार खात्याने बीबीएसवाल्यांकडूनही लाखो रुपयांची वार्षिक लायसन्स फी मागायचं ठरवलं. घरच्या फोनवर रात्री हौसेने बोर्ड चालवणारा एवढे पैसे आणणार कुठून? त्याविरुद्ध सिसॉप आणि वापरणारे एकत्र आले, बराच आरडाओरडा झाला. तोवर १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलचं इंटरनेट सुरू झालं आणि भांडणाचा जोरच ओसरला.

त्याच सुमारास फाइल वाटपाचंही गणित बदललं. १४.४ किलोबिटच्या मोडेमवर एक सीडी उतरवायची तर सलग साडेपाच दिवस लाइन अडकून पडणार, तीही एकदाही न तुटता! रात्री अकरानंतर एसटीडीचा पाव दर लागायचा म्हणून जागणारे आम्ही लोक, आम्हाला ते कुठून परवडणार? बंगळुरात सीआयएक्स हा बोर्ड चालवणाऱ्या अतुल चिटणीसांनी १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी द्यायचं मनावर घेतलं आणि अंक विकत घेणाऱ्याच्या घरात अख्खं लिनक्स येऊन पडलं. भारतात लिनक्स पसरलं त्यात त्या सीड्यांचा वाटा मोठा. म्हणून तुम्हालाही सांगतो, मोठे आयएसओ (अख्ख्या सीडीची एक फाइल) जाळ्यावरून फिरवू नका. त्यांची सही केलेली यादी फिरवा आणि प्रत पेनड्राइव्हवर हातोहात द्या. लहान साधनं, फॉन्ट, पॅच, मजकूर, हा खरा बीबीएसचा माल.

जोडणीबद्दल. आपल्याकडच्या घरगुती ब्रॉडबँडवर बहुतेक ठिकाणी सीजीनॅट (अनेक घरांना मिळून एकच पत्ता) असतं, म्हणजे बाहेरून तुमच्या रास्पबेरी पायपर्यंत कोणी पोचूच शकत नाही. डोकं आपटत बसू नका. एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या, तो हब, म्हणजे मधलं ठाणं. बाकीच्यांनी त्याला ठरावीक वेळाने पोल करायचं (आपणहून जोडून घ्यायचं), आपल्याकडचं द्यायचं, तिथलं घ्यायचं. बिंकपीचा पोर्ट २४५५४. दोन नोडांमधल्या पासवर्डसाठी क्रॅम-एमडी५ चालू ठेवा, नाहीतर पासवर्ड तारेवरून उघडा जातो. एके काळी आशियातल्या, म्हणजे झोन ६ मधल्या, फिडोनेट नोडांना मेल अवरसाठी (पत्रं देण्याघेण्याच्या ठरलेल्या तासासाठी) आपल्या रात्री दीड ते अडीच फोन मोकळा ठेवावा लागे. ते आता कोणाला करावं लागत नाही.

नोडलिस्ट (सगळ्या नोडांच्या पत्त्यांची यादी) मात्र जुन्याच शिस्तीने दर शुक्रवारी काढा, कोणी नवीन आलं नसलं तरी. त्यात चूक राहिली की काय होतं याचा फिडोच्या इतिहासात एक किस्सा आहे: यादीतल्या चुकीच्या नंबरामुळे कोणा बिचाऱ्या बाईंच्या घरी रात्री-अपरात्री मोडेम फोन करत होते. तुमच्याकडे फोन नाही, पण मेलेला पत्ता यादीत राहिला की हब त्याच्यासाठी पाकिटं साठवत बसतो आणि एक दिवस डिस्क भरते. झोनचा आकडा (पत्त्याच्या सुरुवातीचा) निवडताना दुसऱ्या कोणाचा घेऊ नका, २१ हा एफएसएक्सनेट या दुसऱ्या हौशी जाळ्याचा आहे.

नियम किती? फिडोनेटच्या धोरणाचा गाभा दोन वाक्यांत सांगतात: दुसऱ्याला फार त्रास देऊ नका आणि स्वतः फार लवकर त्रासून जाऊ नका. चर्चेसाठी एवढं पुष्कळ झालं. बाकी घटना, कार्यकारिणी, मतदान यांच्या वाटेला जाऊ नका. फिडोनेटने इफ्ना नावाची रीतसर संस्था काढून पाहिली, चार-पाच वर्षं भांडणात गेली आणि शेवटी ती गुंडाळावी लागली. पाच-सहा जणांत तर अध्यक्ष नेमणं म्हणजे हसं. वर्गणीही काढू नका. व्हीपीएसचे महिन्याचे चार-पाचशे रुपये एकाने भरावेत, पुढच्या वर्षी दुसऱ्याने. पैशाची पेटी आली की हिशेब आला आणि हिशेब आला की तुम्ही फायलींबद्दल बोलणं थांबवता.

देवनागरीचं राहिलंच. फाइलीच्या नावात देवनागरी नको. काही टॉसर (आलेल्या फायली विभागांत लावणारे प्रोग्राम) अजून नावाचे आठ अधिक तीन एवढेच तुकडे ठेवतात. वर्णन मराठीत जरूर लिहा, पण झिपच्या आतली फाइल-आयडी डिझ ही वर्णनाची फाइल ४५ अक्षरांच्या दहा ओळींच्या आणि जुन्या कोडपेजच्या (एका अक्षराला एक बाइट) मापाची आहे. बाइट मोजून कापणाऱ्या प्रोग्रामच्या हाती यूटीएफ-८ (यात देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात) लागलं की जोडाक्षर मधोमध तुटतं. ओळ फार तर पंधरा अक्षरांची, काना-मात्रेसकट मोजलेली, ठेवलीत तर बहुतेक ठिकाणी वाचता येईल. संदेशांमध्ये सीएचआरएसची (कुठली अक्षरपद्धत ते सांगणारी) ओळ यूटीएफ-८ अशी लावा. टर्मिनलमध्ये काना-मात्रा इकडेतिकडे सरकतात, त्याला इलाज नाही. चौकटी आणि तक्ते काढायचा मोह टाळा.

आता मला उलट दोन गोष्टी सांगा: हॅच कोण करणार, आणि हबचा पासवर्ड व डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख हॅच करणाऱ्याशिवाय आणखी कोणाकडे आहे? एडिनबरावाल्यांकडे ठेवलीत तरी चालेल. तेवढं ठरलं की सिंक्रोनेटमधली टिकची सेटिंग इथेच टाकतो.