चोरलहून आणलेला टॅरँटुला

प्रश्न : गेल्या रविवारी चोरलला सहलीस गेलो असता माझ्या नातवाने पायवाटेवर चालणारा, तळहाताएवढा केसाळ कोळी बरणीत भरून घरी आणला. तो टॅरँटुला असल्याचे शेजारी सांगतात. नातवाला तो पाळायचा आहे. परंतु चार दिवस झाले तरी त्याने बरणीत सोडलेल्या झुरळाला तोंड लावलेले नाही आणि रात्रभर तो काचेवर चढू पाहतो. त्याला काय खायला द्यावे व कसे ठेवावे?
– एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आजी, त्याच्या खाण्याची चिंता करू नका; टॅरँटुला कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. बिळात राहणाऱ्या टॅरँटुलाची मादी सहसा बीळ सोडून लांब जात नाही. उघड्यावर भटकताना सापडतो तो बहुधा मादीच्या शोधात निघालेला, वयात आलेला नर असतो. तोंडाजवळच्या दोन आखूड, पायांसारख्या अवयवांची टोके भिंगातून पाहावीत. ती बोंडासारखी फुगीर असतील, तर नर समजावा. मादी दहा वर्षांहून अधिक जगू शकते, नराचे मात्र वयात आल्यावर थोडेच दिवस उरलेले असतात, आणि ते बरणीत संपावेत हे मला पटत नाही. त्याला परत सोडावे, असाच माझा आग्रह आहे.

तोपर्यंत झाकणाला बारीक छिद्रे पाडलेल्या, कमी उंचीच्या रुंद डब्यात चार बोटे किंचित ओलसर माती, लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा आणि बाटलीच्या झाकणात पाणी ठेवावे, व डबा उन्हापासून दूर असावा. झुरळ आजच काढून टाकावे. घरातल्या झुरळांवर औषध मारलेले असू शकते. कोळी उताणा पडलेला दिसला, तर मेला म्हणून हलवू नये, कारण टॅरँटुला कात टाकताना असाच पडतो.

नातवाला तो हातावर घेऊ देऊ नये. अमेरिकेतल्या अनेक टॅरँटुलांना खाजरे केस उडवता येतात, तसे आपल्याकडच्यांना येत नाहीत. ते स्वसंरक्षणासाठी चावतात, आणि काही जातींच्या दंशाने तीव्र वेदनेबरोबर स्नायूंत पेटके येतात. शिवाय हातातून खाली पडल्यास कोळ्याचे नाजूक पोट फुटते.

पाळण्याच्या हौसेपायी जंगलातून कोळी उचलले जातात, हे दुखणे मोठे आहे. भारत व श्रीलंकेत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोएसिलोथेरिया या प्रजातीचा २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश करावा लागला, त्यामागे हाच व्यापार होता.

सोडायला नातवालाच बरोबर न्यावे. जिथे सापडला तिथेच, दिवेलागणीच्या आधी, डबा दगडांजवळ आडवा करून दूर उभे राहावे. घराजवळच्या बागेत सोडल्यास त्याला मादी भेटणार नाही. परतताना मातीच्या उतारावर कडेला रेशमी अस्तर असलेले गोल बीळ दिसते का, ते नातवाला शोधायला सांगावे. दिसलेच, तर त्यात काडी घालू नये; अंधार पडू लागला की बिळाच्या तोंडाशी येऊन बसलेली मादी कदाचित त्याला दोन हातांवरून पाहायला मिळेल.